परफॉर्मन्स गाडीच्या टेस्टमध्ये सर्व्हिसचा तक्ता का नसतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या गाड्यांच्या पानावर नवीन परफॉर्मन्स गाडीची टेस्ट आली की मी पेपर हातात घेतल्याबरोबर आधी तेच वाचतो. शून्य ते शंभर किती सेकंदात, टॉर्क किती, एक्झॉस्टचा आवाज कसा भरदार, मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांचे किती हाल, सगळं असतं. फक्त ही गाडी सर्व्हिसला कधी न्यायची आणि डीलर जो प्रीपेड मेंटेनन्स प्लॅन (म्हणजे पुढच्या काही वर्षांच्या सर्व्हिसचे पैसे आधीच भरायचे) पुढे सरकवतो तो घ्यायचा की नाही यावर एक ओळ नसते, आणि खरं सांगायचं तर गाडी घेणाऱ्याला सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. म्हणून मागणी एवढीच की टेस्टच्या बाजूला एक छोटी चौकट छापा, पहिल्या पाच वर्षांत कोणत्या वर्षी काय बदलायचं आणि त्यातलं प्लॅनमध्ये काय येतं. बस. लॅप टाइमला जागा आहे तर याला पण होईल.

आता हे एवढं का म्हणतोय ते सांगतो. मॅन्युअलमध्ये साधारण लिहिलेलं असतं १५,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. लोक पहिला अर्धा भाग वाचतात आणि "जे आधी होईल ते" सोडून देतात. परफॉर्मन्स गाडी बऱ्याच जणांकडे दुसरी गाडी असते, सुट्टीच्या दिवशी बाहेर निघते, किलोमीटर होतच नाहीत पण वर्ष मात्र होतं, आणि मग वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस चुकली म्हणून वाद. दुसरीकडे युरोपात फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांना ठरावीक लाँगलाइफ ऑइल वापरलं तर ३०,००० किमी किंवा २ वर्षांपर्यंत सूट मिळते. पण ती हायवेवर एकसारख्या स्पीडला लांब पळणाऱ्या गाडीसाठी आहे, थंड इंजिनावर दोन किमी जाऊन परत येणाऱ्या किंवा ट्रॅकवर रेडलाइनला, म्हणजे इंजिनाच्या कमाल फेऱ्यांपर्यंत, धरलेल्या गाडीसाठी नाही. माझं मत असं की दोन सर्व्हिसमधला मोठा इंटरव्हल हा निम्मा इंजिनिअरिंगचा आणि निम्मा मार्केटिंगचा आकडा आहे, कारण सर्व्हिस कमी वेळा म्हणजे गाडी बाळगायचा खर्च कागदावर कमी दिसतो.

डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, टर्बो इंजिनात काय होतं ते बघा. इंजिन थंड असताना थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, लांब ड्राइव्ह झाली तर गरम ऑइलमधून ते उडून जातं, नाही झाली तर तिथेच साचतं आणि ऑइल पातळ होत जातं. डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) ओढून वास घ्या, पेट्रोलचा वास येतो. (डिपस्टिक असेल तर, हल्ली बऱ्याच गाड्यांत ती काढूनच टाकलीये, स्क्रीनवर लेव्हल बघा म्हणतात.) गंमत म्हणजे यात लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढते आणि मालक खूश, की बघा आपली गाडी ऑइल अजिबात पीत नाही! आणि डॅशबोर्डवर जे "ऑइल लाइफ अमुक टक्के" दिसतं ते बहुतेक गाड्यांत ऑइल तपासून आलेलं नसतं, इंजिन किती फिरलं, किती तापलं, किती वेळा थंड स्टार्ट झालं यावरून कॉम्प्युटरने मांडलेला हिशोब असतो तो. हिशोब चांगला असतो, मी त्याला वाईट म्हणत नाही, पण तो अंदाज आहे हे माहीत पाहिजे.

म्हणून गाडी जोरात वापरणारे बरेच लोक दोन सर्व्हिसच्या मध्ये स्वखर्चाने एक जादा ऑइल चेंज करतात. करा, पण मॅन्युअलमध्ये दिलेल्या अप्रूव्हलचंच, म्हणजे गाडीच्या कंपनीने मंजूर केलेलंच ऑइल घ्या, नुसता ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-४० हा ऑइलच्या जाडीचा नंबर जुळून चालत नाही, फोक्सवॅगनचं ५०४ ००, पोर्शेचं ए४० असे वेगळे नंबर डब्याच्या मागे छापलेले असतात. बिल जपून ठेवा, आणि सर्व्हिसचा रिमाइंडर रिसेट करू नका नाहीतर प्लॅनमधल्या पुढच्या सर्व्हिसची तारीख सरकते आणि डीलरकडे कोणालाच काही कळत नाही.

पहिल्या सर्व्हिसचं तर अजून वेगळं. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना २,००० किमीच्या आसपास रनिंग-इन, म्हणजे नवीन इंजिन रुळतानाची सर्व्हिस असते, त्यात इंजिन ऑइल तर बदलतातच पण डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ऑइलसुद्धा बदलतात, कारण नवीन गिअर एकमेकांवर बसताना बारीक धातू सुटतो तो बाहेर काढायचा असतो. उलट होंडाच्या मॅन्युअलमध्ये असं की फॅक्टरीतून भरलेलं ऑइल ठरलेल्या वेळेआधी काढू नका. म्हणजे दोन्ही दर्जेदार इंजिनं बनवणाऱ्या कंपन्या आणि सल्ला दोन टोकांचा. तेव्हा "नवीन गाडीचं ऑइल लवकर बदलावंच लागतं" असं जे सगळीकडे छातीठोकपणे सांगितलं जातं त्यापेक्षा आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडलेलं बरं.

आता प्लॅन. डिलिव्हरीच्या दिवशी सह्यांच्या गठ्ठ्यात तो कागद मधेच कुठेतरी असतो आणि मला सेल्सवाल्याने सांगितलं ते असं, "सर तीन वर्षं काही बघायचंच नाही, सगळं कव्हर आहे." मी तिथेच बसून तक्ता मागितला. पुढे मागे बघत, फोन करत शेवटी एक झेरॉक्स आली, आणि त्यात जे होतं ते लिहितो कारण अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी असते. प्लॅन डिलिव्हरीपासून ३६ महिने. सर्व्हिस दर १२ महिन्यांनी. म्हणजे पहिली सर्व्हिस १२ व्या महिन्यात, दुसरी २४ व्या आणि तिसरी बरोबर ३६ व्या महिन्यात, ज्या दिवशी प्लॅन संपतो त्याच दिवशी! अपॉइंटमेंट आठवडाभर पुढे गेली की तिसरी सर्व्हिस तुमच्या खिशातून. ब्रेक फ्लुइड दर २ वर्षांनी, म्हणजे ३ वर्षांत एकदाच. आणि जी खरी महाग कामं आहेत ती सगळी चौथ्या वर्षात, स्पार्क प्लग ६०,००० किमी किंवा ४ वर्षं, ब्रेक फ्लुइड परत, डबल क्लच गिअरबॉक्सचं ऑइल ६०,००० किमीला. प्लॅन संपला आणि खर्च सुरू झाला. तर मग प्लॅनमध्ये हमखास मिळालं काय, दोन ऑइल सर्व्हिस, एक ब्रेक फ्लुइड आणि केबिन फिल्टर. यांचे सुट्टे दर त्याच डीलरच्या सर्व्हिस काउंटरवर विचारायचे, बेरीज करायची आणि प्लॅनच्या रकमेशेजारी ठेवायची, दोन मिनिटांचं काम आहे पण सेल्सच्या टेबलावर कोणी करू देत नाही. वर रक्कम लोनमध्ये टाकली असेल तर दोन वर्षांनी होणाऱ्या ऑइल चेंजवर तुम्ही आजपासून व्याज भरताय.

ब्रेक फ्लुइडचं जरा जास्त सांगतो कारण परफॉर्मन्स गाडीत ते ऑइलइतकंच महत्त्वाचं आणि तेच लोक विसरतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, पावसाळ्यातल्या मिठासारखं. डॉट ४ या दर्जाचं फ्लुइड कोरडं असताना किमान २३० डिग्री सेल्सिअसपर्यंत उकळायला नको असं स्टँडर्ड आहे, आणि त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही मर्यादा १५५ वर येते. घाटात किंवा ट्रॅकवर सलग जोरात ब्रेक मारले की कॅलिपरपाशी, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागापाशी, तेवढं तापमान होऊ शकतं, मग फ्लुइडमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजसारखं आत जातं. गाडी वर्षातून काहीच वेळा ट्रॅकवर नेणार असाल तरी २ वर्षं वाट बघणं शहाणपणाचं नाही, आणि मधला जादा बदल कुठल्याच साध्या प्लॅनमध्ये धरलेला नसतो.

आणि परफॉर्मन्स गाडी खरं काय खाते तर टायर, ब्रेक पॅड, डिस्क. हे बहुतेक मेंटेनन्स प्लॅनमध्ये नसतंच, वेअर अँड टेअर म्हणून बाहेर, अलाइनमेंट पण बाहेर. काही कंपन्यांचा वरचा महाग प्लॅन पॅड-डिस्क घेतो, तिथे हिशोब एकदम बदलतो आणि जोरात चालवणाऱ्याला तो परवडूही शकतो. पण तिथेही ट्रॅक वापर वगळलाय का ते बारीक अक्षरात बघा.

अजून एक, प्लॅन आणि एक्स्टेंडेड वॉरंटी या वेगळ्या गोष्टी आहेत. प्लॅन ठरलेली कामं करतो, गिअरबॉक्स बिघडला तर त्याचा काही संबंध नाही. आणि "प्लॅन नाही घेतला तर वॉरंटी जाईल" असं कोणी म्हणालं तर लेखी द्या म्हणा, तो विषय तिथेच संपतो. अमेरिकेत तर १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदाच आहे की मोफत देत नसाल तर अमुकच ठिकाणची सर्व्हिस किंवा अमुकच पार्ट ही वॉरंटीची अट घालता येत नाही.

प्लॅन सरसकट वाईट असतो असं नाही. फेरारीने २०११ पासून नवीन गाडीबरोबर ७ वर्षांचा मेंटेनन्स दिलाय, २०,००० किमी किंवा वर्षातून एकदा, गाडी विकली तरी पुढच्या मालकाला चालू. किंमत बघता त्यांना ते जड नाही हे खरं, पण मुद्दा असा की महाग वर्षं त्यात आहेत आणि तो गाडीबरोबर जातो. आपल्या प्लॅनमध्ये या दोन गोष्टी असतील, भरपूर रनिंग असेल, गाडी पाच वर्षं ठेवायची असेल तर घ्या, दर वाढले तरी फरक पडत नाही आणि विकताना सगळे स्टँप जागेवर.

नसेल तर सहीआधी दोन प्रश्न विचारा, गाडी टोटल लॉस झाली किंवा मध्येच विकली तर न वापरलेल्या सर्व्हिसचे पैसे परत मिळतात का, आणि हा प्लॅन दुसऱ्या शहरातला डीलर मानतो का. तोंडी "हो" चालणार नाही, त्याच कागदावर लिहून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक