पंचवीस म्हटलं की बावन्न

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक व्हायच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत जाऊन शिकवायच्या सरावासाठी, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत दुसरीचा वर्ग घेते. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

रोजचं काय सांगू, पावणेअकराला परिपाठ, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, मग हजेरी. आमच्या वर्गाची हजेरी नळावर अवलंबून असते हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. इकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते ज्या दिवशी सकाळी येईल त्या दिवशी निम्मा वर्ग घरी घागरी भरत असतो आणि नेमका त्याच दिवशी माझा निरीक्षणाचा पाठ असतो. पाठाचं टाचण रात्री अकरापर्यंत बसून लिहिलेलं, चार्ट रंगवलेला, आणि समोर चौदा मुलं. असो.

मुद्दा वेगळाच आहे. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या कन्नड. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. मराठी त्यांना गल्लीतून येते तेवढीच. मी बार्शीकडची, मला तेलुगूचं एक अक्षर कळत नव्हतं. पहिल्या आठवड्यात एक पोरगं पोट धरून ‘कडुपु, कडुपु’ करत रडत होतं आणि मी त्याला विचारतेय कुणी मारलं का रे. शेजारचा पोरगा वैतागून म्हणाला, ‘टीचर, पोट दुखतंय की ओ त्याचं.’

खरी गंमत गणिताच्या तासाला झाली. मी दशकाचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या घेऊन पाठ घेत होते. ‘पंचवीस लिहा’ म्हटलं की पहिल्या बाकावरची लाल रिबनवाली मुलगी पाटीवर ५२ लिहायची. मी खोडायचे, ती परत ५२. मला वाटलं लक्ष नाही पोरीचं. काड्या दिल्या तर बरोबर दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या उचलल्या, म्हणजे संख्या कळत होती तिला. मग म्हटलं, तुझ्या भाषेत मोज बघू. ती पुटपुटली, ‘इरवै ऐदू’. इरवै म्हणजे वीस, ऐदू म्हणजे पाच. आधी वीस मग पाच, जसं लिहितो तसंच. आणि मी म्हणत होते पंचवीस, म्हणजे आधी पाच मग वीस. तिनं ऐकलं तसंच लिहिलं होतं हो, चूक माझ्या कानाची होती. एकोणतीस तर विचारूच नका, ‘एक’ आणि ‘तीस’ ऐकून तिनं ३१ लिहिलं. तिचं तरी काय चुकलं?

त्या रात्री मला २०१९ आठवलं. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीनं एकवीसला ‘वीस एक’ म्हणायची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत गेलं प्रकरण. गणितज्ञ मंगला नारळीकर बाईंनी समजावून सांगितलं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यानं मुलं अडखळतात, आणि जुनी पद्धतही पुस्तकात आहेच. पण ऐकतंय कोण. मीसुद्धा तेव्हा व्हॉट्सॲपवर त्याचे जोक फॉरवर्ड केले होते, आता लाज वाटते. ज्यांच्या घरी मराठी आहे त्यांना पंचवीस कानावर पडून पडून पाठ होतं, त्यांना काय फरक पडतो. फरक पडतो तो या पोरांना, ज्यांच्या तेलुगूत आणि कन्नडमध्ये मुळातच ‘वीस पाच’ म्हणतात.

आता मी आधी ‘वीस पाच’ म्हणते, मग ‘म्हणजेच पंचवीस’. दोन आठवड्यांत त्या मुलीची पाटी सुधारली. पंचवीस बरोबर लिहिते, एकोणतीसला अजून थांबून माझ्याकडं बघते. पण पाठ बघायला आलेल्या सरांनी मी मध्येच ‘इरवै’ म्हटलेलं ऐकलं आणि वहीत शेरा मारला, प्रमाण भाषा वापरावी. मार्क पण कापले. शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय की शक्य असेल तिथं मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, ते आम्ही परीक्षेत पाच मार्काला लिहितो आणि वर्गात एक शब्द वापरला की मार्क जातात, हे कसं काय ते मला खरंच कळलेलं नाही.

म्हणून विनंती एवढीच, सोलापुरात आंतरवासिता करणाऱ्या सगळ्यांना शाळेत पाठवायच्या आधी पंधरा दिवस तरी बोलण्यापुरती तेलुगू-कन्नड शिकवा. पुस्तक नको, परीक्षा तर अजिबात नको. पोट दुखतंय, तहान लागलीय, आई कुठंय, आणि एक ते शंभर. शिकवायला बाहेरून माणूस आणायची गरज नाही, मला तर खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी शिकवलं, तांदूळ निवडता निवडता. (आम्ही टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा देणार, मग सरकारी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची वाट बघणार, मग तीन वर्षं महिना सोळा हजारांवर शिक्षणसेवक, त्यात पंधरा दिवस काही जास्त नाहीत.)

या महिनाअखेरीला माझी शाळा बदलतेय. माझ्या जागी येणारी मैत्रीण करमाळ्याची आहे. मावशींनी सांगितलेले आकडे मी टाचण वहीच्या मागच्या चार पानांवर उतरवलेत, ती पानं फाडून तिला देऊन जाणार आहे.

आपली,
एक छात्राध्यापिका, सोलापूर