फामागुस्ता मुलांना दाखवा

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

पुण्याहून शिर्डीला किंवा वेरूळला निघालेल्या शालेय सहलींच्या बसगाड्या अहिल्यानगरवरून जातात. त्याच शहरात, लष्कराच्या चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रात, ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा जतन करून ठेवलेला आहे. भारत-पाकिस्तान युद्धात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी या रणगाड्यात धारातीर्थी पडले. तो सहलीतल्या मुलांना दाखवण्याची व्यवस्था आपल्या विभागाने करावी, एवढ्यासाठी हे पत्र.

खेत्रपाल कुटुंबाचे मूळ आता पाकिस्तानात असलेल्या सरगोध्याचे, पण अरुण यांचा जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५० चा. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ते १९६७ मध्ये दाखल झाले, १३ जून १९७१ रोजी त्यांना पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये कमिशन मिळाले, आणि युद्धासाठी बोलावणे आले तेव्हा ते नगरलाच तरुण अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम करत होते. आघाडीवर जाताना त्यांनी गोल्फच्या काठ्या आणि मेजवानीचा गणवेश सोबत घेतला होता, लाहोरला पोहोचल्यावर लागतील म्हणून, असे घरच्यांनी पुढे सांगितले. त्यांना मरणोत्तर मिळालेल्या परमवीर चक्राच्या मानपत्रात या काठ्यांना जागा नाही. मला मात्र तो एकवीस वर्षांचा मुलगा त्यांच्यामुळेच दिसतो.

पाकिस्तानातल्या शकरगड भागात बसंतर नदीपलीकडे आपल्या पायदळाने ठाणे मांडले होते, पण रणगाड्यांसाठी भूसुरुंगांतून वाट काढण्याचे काम अजून चालू होते. ते पुरे होण्याची वाट न पाहता पूना हॉर्सचे रणगाडे पुढे घुसले. १६ तारखेला जर्पाळजवळ रेजिमेंटच्याच दुसऱ्या एका स्क्वाड्रनने रेडिओवरून कुमक मागितली, तेव्हा अरुण आपली तुकडी घेऊन निघाले. त्या धुमश्चक्रीत फामागुस्ताने पेट घेतला, ते गंभीर जखमी झाले आणि रणगाडा सोडण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे, असे कळवून त्यांनी तो मानला नाही, शत्रूचा आणखी एक रणगाडा उडवला, आणि पुढच्या गोळ्याने ते गेले. अंगावर अधिकाऱ्याची वर्दी चढून सहा महिने आणि तीन दिवस झाले होते. त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. पश्चिम आघाडीवरचा युद्धविराम दुसऱ्या दिवशीचा.

त्यांचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, २००१ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी सरगोध्याचे जुने घर पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ते ज्या निवृत्त ब्रिगेडियरांकडे उतरले होते, त्या ख्वाजा मोहम्मद नासेर यांनीच निघण्याआधी त्यांना सांगितले, की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. मुलांना अरुण यांची गोष्ट सांगायची तर ती इथपर्यंत सांगावी. शत्रूचे रणगाडे मोजून थांबू नये.

साहेब, जागा लष्कराची असल्याने प्रत्येक शाळेने वेगळी परवानगी मागत बसणे अवघड आहे. शिक्षण विभागाने लष्कराशी एकदाच पत्रव्यवहार करून सहलींसाठी ठरावीक दिवस मागून घ्यावेत, आणि रणगाड्यापाशी वाचता येईल अशी दोन पानांची मराठी माहिती शाळांना आधी पाठवावी. या हिवाळ्याच्या सहली ठरण्यापूर्वी हे झाले, तर बरे होईल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे