'कुठल्याही घोड्याला बसणारं' ट्रेल खोगीर परत घेण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग, पुणे कार्यालय

विषय: ट्रेल रायडिंगचं खोगीर सदोष निघाल्याने पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

सोबत: बिलाची प्रत, खरेदीपूर्वी पाठवलेली मापं, फोटो.

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या कंपनीकडून मी ऑनलाइन 28,500 रुपयांना ट्रेल रायडिंगसाठी, म्हणजे डोंगरवाटांवर घोड्यावरून फिरण्यासाठी, खोगीर घेतलं. ते माझ्या घोडीच्या पाठीवर बसत नाही, मला त्यावर धड बसता येत नाही आणि घाटात ते वापरणं धोक्याचं आहे. पहिल्या दोन गोष्टी आवडीनिवडीच्या म्हणून आपण झटकून टाकाल. तिसरी झटकता येणार नाही, म्हणून हे लेखी. फोनवर आणि चॅटवर बोलून झालंय. 'वापरलेला माल परत घेतला जात नाही' यापुढे आपली माणसं एक शब्द बोलत नाहीत. सगळं बोलणं मराठीतच झालं, तेव्हा पत्रही मराठीतच लिहिते.

आधी मी कुठे फिरते ते सांगते, कारण आपल्या प्रतिनिधीने मला 'मॅडम, राइड पार्कमध्ये की मैदानात?' असं विचारलं होतं. मी इंदूरला राहते, घोडी महू रस्त्यावरच्या एका तबेल्यात असते. आम्ही खंडवा रस्त्याने सिमरोलच्या पुढे जातो. तिथे माळव्याचं पठार संपतं आणि चोरलच्या बाजूला विंध्याची उतरण लागते. पाऊस सरला की काळी माती पायाखाली साबणासारखी होते आणि फाल्गुनानंतर त्याच वाटेवर सुटे दगड. जानापाव टेकडीच्या चढाला घोडी मान खाली घालून ओढते तेव्हा खोगीर मागे जाऊ पाहतं, उतरताना तेच पुढे तिच्या खांद्यांवर येऊ पाहतं. मध्येच झुडपातून नीलगाय उठली की घोडी एका उडीत वाटेच्या कडेला. अशा वेळी बसणाऱ्याला मांडीखाली आणि गुडघ्यापुढे आधार लागतो, नुसती मऊ गादी कामाची नसते.

इतकी वर्षं मी जुनं लष्करी खोगीर वापरलं. ब्रिटिश घोडदळाच्या 1912 च्या नमुन्याचं, महूला जुन्या सामानात मिळालेलं. दोन बाजूंना दोन लांब लाकडी फळ्या, त्यांना जोडणाऱ्या पोलादी कमानी, खाली घडी घातलेलं कांबळं. फळ्या कमानींशी खिळीवर फिरतात, म्हणजे मोहिमेवर घोडा वाळला तरी त्या पाठीच्या उताराप्रमाणे टेकतात. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ते बनवलं त्यांनी घोड्याचा विचार पुरता केला होता, शिपायाच्या बुडाचा मात्र अजिबात नाही. पन्नाशीनंतर माझा उजवा खुबा बोलायला लागला. डॉक्टरांनी घोडा सोडा असं सांगितलं नाही, बैठक बदला म्हणाले. म्हणून आपल्या दारात आले.

आपल्या जाहिरातीत तीन गोष्टी ठळक होत्या: लांब पल्ल्यासाठी आरामशीर, डोंगरवाटांसाठी सुरक्षित, आणि 'बदलत्या कमानीमुळे कुठल्याही भारतीय घोड्याला बसणारं'. माझी घोडी मारवाडी आहे. या घोड्यांची अंगकाठी सडपातळ आणि मानेच्या मुळाशी हाडाचा जो उंचवटा असतो, ज्याला घोडेवाले विदर्स म्हणतात, तो चांगला उंच. म्हणून शंका नको म्हणून मी खरेदीपूर्वीच मापं पाठवली. खांद्याच्या फऱ्यामागे दोन बोटं सोडून जाड तार पाठीवर आडवी दाबायची, ती न हलवता कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची. तसंच आणखी एक माप पाठीच्या मध्यावर, आणि एक लांबीच्या दिशेने. शेवटची बरगडी कुठे येते तीही खूण केली, कारण घोड्याला बरगड्यांच्या 18 जोड्या असतात आणि शेवटच्या बरगडीच्या मागे बसणाऱ्याचं वजन टेकता कामा नये. हे सगळं ईमेलने पाठवल्यावर आपल्याकडून उत्तर आलं, 'परफेक्ट मॅडम, मीडियम कमान बसेल.' तार-कागदाकडे कोणी पाहिलं असतं तर हे उत्तर आलं नसतं.

खोगीर आलं ते मी नमदा, म्हणजे खोगिराखालची जाड घडी, न घालता नुसतं पाठीवर ठेवून पाहिलं. पुढच्या कमानीखाली, विदर्सवर, दोन-तीन बोटं उभी जावीत एवढी फट हवी. इथे एक करंगळी कशीबशी शिरली, तीसुद्धा वर कोणी बसलेलं नसताना. मी बसल्यावर कमान सरळ हाडावर टेकली. आपली 'मीडियम' या घोडीला सरळसरळ रुंद आहे, त्यामुळे पुढचा भाग बुडतो आणि सगळा भार नेमका नको तिथे येतो. मागे गाद्या शेवटच्या बरगडीच्याही पुढे शेपटीकडे जातात, ते वेगळंच.

तरी सपाट रस्त्यावर दुडकी चालीने थोडं फिरवून आणलं. नमदा काढला तर अख्खी पाठ घामाने भिजलेली आणि विदर्सच्या दोन्ही अंगांना तळहाताएवढे दोन डाग अगदी कोरडे. कोरडं म्हणजे बरं, असं नवख्याला वाटेल. घोड्याच्या पाठीवर तो धोक्याचा इशारा असतो: तिथे इतका दाब पडला की घामही आला नाही. हे चालू ठेवलं की आधी केस झिजतात, मग मुळं दुखावून तिथे पांढरे केस येतात आणि ते जन्मभर राहतात. फोटो सोबत जोडलेत. दुसऱ्या दिवशी तंग, म्हणजे खोगीर धरणारा पोटाखालचा पट्टा, आवळताना जी घोडी कधी कान मागे टाकत नाही तिने मान वळवून दात दाखवले. तबेल्यातले सईसकाका हिशोबी माणूस, कोणाच्या सामानाला नावं ठेवत नाहीत. ते एवढंच म्हणाले, 'बाईजी, ये काठी इसकी नहीं है.' काठी म्हणजे खोगीर.

अरुंद कमान मागितली तर 'स्टॉक संपला आहे, आणि ती वेगळी विकत घ्यावी लागेल' असं कळलं. म्हणजे ज्या गुणावर माल विकला तो गुण डब्यात नाहीच. शिवाय नुसती पुढची कमान बदलली तरी मागच्या गाद्यांचा उतार आणि लांबी तीच राहणार. त्यावर आपला सल्ला आला की खाली जाड जेल पॅड घाला, तोही आपलाच, 3,200 रुपयांचा. मोठ्या मापाच्या बुटात कापूस कोंबून डोंगर चढायला सांगण्यातला हा प्रकार. पॅडने उंची वाढते, खोगीर पाठीवर अधिक डुलतं, आणि डुलणारं खोगीर जागेवर ठेवायला तंग आणखी करकचून आवळावा लागतो. जी घोडी आधीच दात दाखवते आहे तिला मी हे करणार नाही.

माझ्या बैठकीबद्दल थोडक्यात. रिकीब (पाय ठेवायची कडी) अडकवायची दांडी फार पुढे आहे. त्यामुळे पाय पुढे जातात, बूड मागे घसरतं आणि खुर्चीत बसल्यासारखं होतं. ट्रेलच्या खोगिरात कान, खांदा, खुबा आणि टाच एका रेषेत आले पाहिजेत, तर चढउतारात शरीर घोड्याबरोबर जातं. इथे सपाट रस्त्यावरही मला पुढच्या कमानीचा आधार घ्यावा लागला. ज्या खुब्यासाठी एवढा खर्च केला त्यानेच रात्री झोपू दिलं नाही. ऑस्ट्रेलियन गुराख्यांच्या खोगिरांना मांडीपुढे जे भक्कम उंच आधार असतात त्यांची नक्कल आपण केली आहे, पण आतून नुसता स्पंज. बोटाने दाबला की मुडपतो. नीलगाय उठेल तेव्हा तो मला काय धरणार?

आता मुख्य गोष्ट. तंग ज्या पट्ट्यांना बांधतात ते दर बाजूला तीन असतात. दोनच वापरतात, तिसरा जादा. चांगल्या खोगिरात पहिला पट्टा सांगाड्यावरून जाणाऱ्या एका नवारीला शिवलेला असतो आणि दुसरा-तिसरा मिळून दुसऱ्या नवारीला. म्हणूनच घोडेवाले पहिला आणि दुसरा, किंवा पहिला आणि तिसरा वापरतात, दुसरा-तिसरा जोडीने कधीच नाही. एक नवार तुटली तरी दुसरीने खोगीर धरून राहावं, एवढा साधा हिशोब आहे.

कातड्याला साबण लावताना मी डावी झूल, म्हणजे बाजूचा कातडी पडदा, उचलून आत पाहिलं. आपण तिन्ही पट्टे एकाच नवारीला शिवले आहेत. नवार धड सुती नाही, धड नायलॉनची नाही. टाके लांब लांब, आणि पहिल्या पट्ट्याच्या कोपऱ्यात दोन टाके सुटून दोरा लोंबतोय. उजवीकडेही तेच. अजून हे खोगीर घाटात नेलेलंच नाही, सपाट रस्त्यावरच ही गत. उतारावर ती एक नवार गेली असती तर तंगासकट सगळं एका बाजूला फिरलं असतं आणि मी घोडीच्या पोटाखाली. या खोगिराला आपण 'डोंगरवाटांसाठी सुरक्षित' म्हणून विकलं आहे.

त्याच कुळातली दुसरी गोष्ट. रिकिबीचा पट्टा ज्या लोखंडी दांडीवर असतो तिच्या टोकाला बिजागरीचा छोटा खटका असतो. बसणारा पडला आणि पाय रिकिबीत अडकला तर पट्टा त्या दांडीवरून मागे सरकून सुटावा, माणूस फरफटत जाऊ नये, यासाठी ती सोय. आपल्या खोगिराचा उजवा खटका वर वळलेल्या अवस्थेत घट्ट बसलाय, म्हणजे पट्टा सुटायची वाटच बंद, आणि तेल घालूनही हलत नाही. रंगाचा थर बिजागरीत गेलाय. कारखान्यातून बाहेर पडताना कोणी एकदा अंगठ्याने तो हलवून पाहिला असता तरी कळलं असतं.

बाकी बारीकसारीक: पाण्याच्या पिशव्या बांधायच्या कड्या सांगाड्यात न बसवता वरच्या कातड्याला चिकटवल्यासारख्या शिवल्यात, दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) लावायला मागे कडीच नाही, आणि तपकिरी रंग माझ्या पॅंटला लागला. यावर मी वाद घालत नाही.

'वापरलेला माल परत नाही' याबद्दल दोन शब्द. घोड्यावर न ठेवता आणि वर न बसता खोगीर बसतं की नाही हे कोणालाही कळत नाही, आपल्यालाही नाही. सदोष किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल परत घ्यायला ऑनलाइन विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांत आहे. त्याच नियमांप्रमाणे आपल्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे मी जिथे राहते तिथल्या, म्हणजे इंदूरच्या जिल्हा आयोगात दाद मागू शकते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही. तिथवर जायची मला हौस नाही. पण राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर मी लिहून ठेवलाय.

मला हवं आहे ते असं. 28,500 रुपये पूर्ण परत, न्यायचा खर्च आपला. दुरुस्ती करून तेच खोगीर किंवा त्याच बनावटीचं दुसरं मला चालणार नाही, कारण ज्याने तिन्ही पट्टे एका नवारीला शिवले त्याच्या दुसऱ्या खोगिरावर मी बसणार नाही. भेट म्हणून जेल पॅडही पाठवू नये. आणि या बनावटीची खोगिरं आजवर ज्यांना विकली त्या सगळ्यांना पट्ट्यांच्या शिवणीबद्दल लगेच कळवावं. त्यातले बरेच जण शाळकरी मुलांना त्यावर बसवत असतील. हे शेवटचं काम आपण केलं की नाही ते मला लेखी कळावं.

खोगीर मूळ खोक्यात बांधून तबेल्यात ठेवलंय. न्यायला येणाऱ्याने आदल्या दिवशी फोन करावा आणि सकाळी नऊच्या आत यावं. त्यानंतर सईसकाका चाऱ्याला जातात आणि किल्ली त्यांच्याजवळ असते. रिकिबी आणि त्यांचे पट्टे आपले आहेत, ते खोक्यात आहेत. तंग माझा आहे, तो मिळणार नाही.

कळावे.

आपली ग्राहक,
(सही)
इंदूर