उमेदीच्या जागी वार

सांगली, गावभाग
गुरुवार, रात्र

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, सकाळी उठून हळद दळायला बसायची इच्छाच होत नाही. माझी उमेदच संपलीय." त्यावर मी फक्त "जेवलीस का?" एवढं विचारलं आणि तू चिडलीस. चिडणारच. पण फोनवर मला सुचत नाही, हे तुला लहानपणापासून माहितीय. आज भडंगाची शेवटची कढई लवकर उतरवली, बाबाही झोपलेत, म्हणून लिहायला बसले. पानं जास्त झाली तर दोन दिवसांत वाच.

तू पाठवतेस ते व्हिडिओ मी बघते. कोट घातलेला माणूस इकडून तिकडे फिरत सांगत असतो, स्वप्न बघा, आतली आग विझू देऊ नका. सध्या या लोकांचं नुसतं पेव फुटलंय. ऐकताना अंगात शिरशिरी येते, खोटं कशाला सांगू. पण कढईपाशी येईपर्यंत ती निघून गेलेली असते. त्यातला एकही जण उधारी कशी वसूल करायची ते सांगत नाही.

माझ्यात कुठली आग होती? १९९८ साली बाबांचा पगार पाच महिने तटला होता. वाण्याच्या वहीत आपलं नाव इतकं खाली गेलं होतं की त्याच्या दुकानासमोरून जायला नको म्हणून मी मागच्या बोळातून फिरून यायची. भिशीचे २,००० रुपये लागले, त्यातून चुरमुरे, तेल, शेंगदाणे, लसूण आणि तिखट आणलं. उद्योजिका व्हायचं वगैरे डोक्यातही नव्हतं. बोळातून जायचा कंटाळा आला होता, एवढंच.

सीलिंग मशीन नव्हतं. करवतीच्या पात्यावर पिशवीचं तोंड दुमडायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवायचं. तू शेजारी बसून पाकिटं मोजायचीस आणि मोजता मोजता खायचीस. पहिली वीस पाकिटं मी त्याच वाण्याकडे घेऊन गेले. त्याने ठेवून घेतली, वही काढली आणि पैसे उधारीतून वजा केले. म्हणजे माझ्या पहिल्या विक्रीचा एक रुपयाही हातात आला नाही! घरी येऊन मी रडले. बाबा म्हणाले, "अगं, कर्ज फिटलं म्हणजे विक्रीच झाली की." तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

त्यानंतरचा पावसाळा आठवतो? तुला आठवणार नाही, तू पहिलीत होतीस. पिशव्या पातळ होत्या, भडंग सादळलं आणि तासगावच्या दुकानातून चाळीस पाकिटं परत आली. तेव्हा तू आत्ता म्हणतेस तेच मी म्हटलं होतं, आता नको. खरंच थांबणार होते. पण दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, आणि मंगळवारी सकाळी भट्टीवरून चुरमुऱ्यांचं पोतं यायचं. ते आलं. आलेलं पोतं परत कसं पाठवायचं, या भिडेपोटी मी कढई ठेवली.

त्या मंगळवारानंतर मी उमेदीच्या जागी वार ठेवले. मंगळवारी पोतं. बुधवारी आणि गुरुवारी भाजणं, मसाला, पाकिटं. शुक्रवारी दुकानं. शनिवारी बाजारही आणि वसुलीही. रविवारी हिशेब. सोमवारी काहीच नाही. इच्छा आहे का, हे मी स्वतःला विचारायचंच बंद केलं. वार कुठला आहे एवढं बघायचे. मजा म्हणजे पाचपैकी तीन वेळा कढई तापली, कढीपत्ता तडतडला की मन आपोआप जाग्यावर यायचं. उरलेल्या दोन वेळा नाही यायचं, तरी माल व्हायचा. दुकानदाराला त्या दोन्ही मालांतला फरक कधी कळला नाही.

तुझं कसं चाललंय ते मी मागच्या महिन्यात आले तेव्हा पाहिलं. मनात आलं की दळतेस, रात्री दोनपर्यंत. मग तीन दिवस यंत्राकडे बघत नाहीस. ऑर्डर आली की धावतेस, नाही आली की फोन घेऊन बसतेस. असं धंद्याला चालत नाही, आणि तुला तर मुळीच मानवत नाही. दोन दळणाचे वार ठरव, एक पोचवायचा, एक पैसे आणायचा. आणि एक रिकामा ठेव, तो मोडू नकोस.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती तू फोनवर शेवटी, ओझरती सांगितलीस: त्या मोठ्या दुकानवाल्याकडे १,८०,००० रुपये चार महिने अडकलेत. मुक्ता, तुझी उमेद संपलेली नाही. तुझे पैसे संपलेत. मार्चच्या सौद्यात तू वर्षभराचं हळकुंड एकदम घेतलंस, म्हणजे निम्मी पुंजी पोत्यात गेली. दळून जी विकलीस तिचे पैसे त्याच्या गल्ल्यात. रोज सकाळी उठून आणखी दळायचं म्हणजे त्याला आणखी उधार द्यायचं. असं असताना कुणाला हुरूप येईल? बाबांचा पगार तटला होता तेव्हा त्यांनाही कारखान्यात जायची इच्छा व्हायची नाही. त्यांना कुणी आळशी म्हटलं नव्हतं.

आपले हिशेब लिहिणारे काका आहेत ना, त्यांना विचारून हे लिहून ठेवलंय, नीट वाच. लघुउद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. करारात मुदत काहीही लिहिलेली असो, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. शिवाय अलीकडे आयकरातही बदल झालाय: अशी मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चपर्यंत चुकती केली नाही, तर त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, म्हणजे त्याला त्यावर कर बसतो. तू स्वतः दळतेस, नुसती खरेदी-विक्री करत नाहीस, म्हणून तुला हे लागू पडतं. उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडची लघुउद्योगाची नोंदणी, मात्र माल देण्याआधीची हवी. तुझी आहे, मीच मागे लागून करून घेतली होती. तो नंबर बिलावर छाप. आजवर का छापला नाहीस, कोण जाणे. एवढं करूनही दिले नाहीत तर लघुउद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

पण नोटीस आधी पाठवू नकोस. कायदा पिशवीत ठेव आणि स्वतः जाऊन बस. मी बसायची. चहा घ्यायचा नाही, भांडायचं नाही, दुकानात गर्दी असताना शांतपणे बसून राहायचं. शनिवारी मी दिसले की काही दुकानदार आधीच गल्ला उघडायचे. तू शिकलेली आहेस म्हणून तुला लाज वाटते. मला तरी कुठे वाटत नव्हती?

बाबा म्हणाले, पोरीला किर्लोस्करांचं लिही. तर लिहिते. लोखंडी नांगराने जमीन नासते असं तेव्हाच्या शेतकऱ्यांना वाटायचं, आणि लक्ष्मणरावांचे पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी कारखाना वसवला, तीच तुझ्या रेल्वेच्या वाटेवरची किर्लोस्करवाडी. बाबांना यातली चिकाटी आवडते. मला दुसरंच आठवतं: नांगराच्या आधी त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान चालवलं, कडबा कापायची यंत्रं केली. एकदम नांगरावर उडी नाही घेतली. तुझ्याकडे तशी सायकल कुठली, ते बघ. आठवड्यातून दोन दिवस ती शिकवणी घेत होतीस, ती का सोडलीस?

आता पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढलं तेव्हा तू पुण्यात होतीस, टीव्हीवर बघत होतीस. पाणी उतरल्यावर मी घर उघडलं. तेलाचे डबे चिखलात, सीलिंग मशीन गेलेलं, चुरमुऱ्यांचा लगदा होऊन भिंतीला चिकटलेला. तेव्हा मी तुला फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणाले होते. ठीक नव्हतं. पंधरा दिवस मी काहीही केलं नाही, नुसती जोत्यावर बसून असायची. बाबांनीही काही म्हटलं नाही.

त्यांना ते समजतं, कारण आजोबांनी हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, भरण्यात निम्मं आयुष्य घातलं. पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही. हळद बंद राहिलेली असते, आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीने कंदील सोडून बघायचा. विझला तर अजून थांबायचं. उतरायची घाई केलेल्या माणसांच्या गोष्टी आजोबा सांगायचे, त्या तुला लिहीत नाही. म्हणून सांगते, पुढचा आठवडा यंत्र बंद ठेव. मी तिथे नाही म्हणून चोरून दळू नकोस.

पंधरा दिवसांनी काय झालं ते आजवर सांगितलं नव्हतं. चुरमुऱ्याच्या भट्टीवाल्याचा फोन आला. त्याचं स्वतःचं निम्मं दुकान वाहून गेलेलं. म्हणाला, "वहिनी, मंगळवारचं पोतं ठेवू का?" धीर द्या, उभ्या राहा, असलं काही बोलला नाही. मी म्हटलं, ठेव. मग पहिल्यांदा मेणबत्ती शोधायला उठले.

तुझ्या हळदीची वाट बघणारी माणसं कोण आहेत, त्यांची नावं एका कागदावर लिही. मोठा दुकानवाला त्यात धरू नकोस. कोथरूडच्या त्या लोणच्यावाल्या मावशी दर महिन्याला दोन किलो नेतात, त्यांचं नाव पहिलं. दहा नावं झाली तरी पुष्कळ आहे. आठच निघाली तर तेही मला सांग, मग बोलू. नोकरीकडे परत जावंसं वाटलं तर त्यातही कमीपणा नाही, पण तो निर्णय पैसे हातात आल्यावर घे. अडकलेल्या पैशात घेतलेला निर्णय कुठलाही असो, पुढे पटत नाही.

उद्याच्या गाडीने भडंगाची दहा पाकिटं आणि नवं तिखट पाठवतेय. बाबांनी त्यात पेढे घातलेत, मी नाही.

शनिवारी संध्याकाळी फोन कर. पण त्याच्या दुकानात जाऊन आल्यावर कर, आधी नको.

तुझी
आई

ता. क. करवतीचं ते पातं अजून माझ्या मसाल्याच्या फडताळात आहे. मागू नकोस, देणार नाही.