बाबा, या शनिवारी नुसतं बघत बसायचं नाही

चिंचवड, पुणे
बुधवार, रात्री

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर शनिवारी आमच्याकडे व्हिडिओ गेमची शर्यत लावायचा विषय निघाला तेव्हा बाबा म्हणाले, "मुलं खेळू देत, आम्ही बघू." आईनेही लगेच, "मला कुठलं ते जमतंय, मी आपली पोळ्या लाटते." माझी मुलं, चिनू आणि बिट्टी, शेजारीच होती म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. पण मला त्यावर बरंच बोलायचंय आणि फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणतात. पत्र मात्र ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, म्हणून लिहायला बसले.

मला तुम्ही दोघं त्या शर्यतीत हवे आहात. दोघांच्याही हातात स्टिअरिंग हवं.

आमच्या लहानपणी तुम्ही कायम कठड्याच्या बाहेर उभे असायचात. पेशवे पार्कात फुलराणीत, त्या छोट्या आगगाडीत, बसायचो आम्ही दोघं, आणि तुम्ही जाळीपलीकडे पाण्याची बाटली घेऊन हात हलवत. गाडी वळून आली की दादा आणि मी तुम्हाला शोधायचो. सुट्टीत पत्ते रंगले तरी बाबा दुसऱ्या पाळीला गेलेले, आणि आई दोन डाव खेळून कुकरसाठी उठलेली. तेव्हा ते आम्हाला खटकलं नाही, कारण सगळ्यांच्याच घरी तसंच होतं. आता मला ते खटकतं. तुमच्या वाट्याला बघणंच फार आलं.

बाबांच्या मनात एक शंका आहे, ती आधी दूर करते. मोबाइलवरचे काही खेळ सारखे पैसे मागतात, मध्येच जाहिराती दाखवतात. हा तसा नाही. एकदा विकत घेतला की झालं, फक्त इंटरनेटवर खेळायला वेगळी वर्गणी लागते. मारामारी नाही, रक्त नाही. मारिओ कार्ट 8 डिलक्स असं नाव आहे, आणि दादाने दिलेल्या निन्टेंडो स्विचवर, टीव्हीला जोडायच्या त्या खेळाच्या यंत्रावर, तो चालतो. कार्ट म्हणजे बुटक्या, उघड्या गाड्या. मिशीवाला मारिओ, त्याचा भाऊ लुइजी, राजकन्या पीच, हिरवा डायनोसॉर योशी, असे सगळे त्या चालवतात. शर्यतीत 12 गाड्या असतात, बहुतेक रस्त्यांवर 3 फेऱ्या, आणि अडीच-तीन मिनिटांत निकाल. अशा 4 शर्यतींचा एक कप. डाळ-भाताचा कुकर होईपर्यंत एक कप होऊन जातो. या मालिकेतला पहिला खेळ 1992 साली जपानात आला, आपल्याकडचा 2017 चा आहे, आणि त्याच्या जगभरात 6 कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. आई, तुझ्यासाठी खास माहिती: निन्टेंडो ही कंपनी 1889 साली क्योतोमध्ये सुरू झाली ती पत्ते बनवून विकायला. हातांनी रंगवलेले, फुलांचे पत्ते.

आता "मला कुठलं जमतंय" याबद्दल. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू साधारण आईच्याच वयाच्या. त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. मागच्या रविवारी त्या आमचा डबा परत द्यायला आल्या आणि बिट्टीने त्यांच्या हातात पांढरं स्टिअरिंग ठेवलं. प्लास्टिकचं चाक असतं, त्यात कंट्रोलर बसवायचा. चाक जसं कलवाल तशी गाडी वळते. काकूंनी पदर खोचला आणि सोफ्याच्या अगदी कडेला येऊन बसल्या. पहिल्याच वळणाला चाकाबरोबर त्याही डावीकडे कलल्या, त्या थेट माझ्या खांद्यावर. तोंडाने "अगं बाई, अगं बाई" चालूच. गाडी मात्र रस्ता सोडत नव्हती.

कारण चिनूने त्यांच्या गाडीला स्मार्ट स्टिअरिंग लावून दिलं होतं. ते लावलं की गाडीच्या मागे एक छोटी अँटेना दिसते, आणि गाडी रस्त्याबाहेर जायला लागली की खेळ तिला हलकेच आत वळवून घेतो. दुसरी सोय म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर आपोआप चालू राहतो, बटण दाबून धरावं लागत नाही. आई, तुझ्या अंगठ्याचा प्रश्न इथेच सुटतो. तू फक्त चाक धर.

या दोन्ही सोयी ज्याच्या त्याच्या गाडीपुरत्या असतात, आणि मला या खेळातलं हेच सगळ्यात आवडतं. काकूंची अँटेना लागलेली, पाच वर्षांच्या बिट्टीचीही लागलेली, चिनूची बंद, आणि तिघं एकाच टीव्हीवर, एकाच शर्यतीत. चिनूला काकूंसाठी सावकाश चालवावं लागत नाही. लहानांशी खेळताना मोठे मुद्दाम हरतात आणि ते मुलांना बरोबर कळतं. म्हाताऱ्या माणसांशी कुणी मुद्दाम हरलं की तेही त्यांना कळतं. इथे कुणालाच कुणासाठी हरावं लागत नाही. अँटेना लावलेल्याला काही आडवाटा मिळत नाहीत, एवढंच. गाडी कुठे खाली पडलीच तर ढगावर बसलेलं एक कासव गळ टाकून उचलतं आणि रस्त्यावर आणून सोडतं. काकू सातव्या आल्या. स्टिअरिंग त्यांनी खाली ठेवलं नाही. "परत लाव गं," एवढंच म्हणाल्या.

बाबा, आता तुमच्याकडे येते. 2007 साली पुण्याच्या बससेवेचं, पीएमटीचं, पीएमपीएमएल झालं, तरी आपल्या घरात अजून "पीएमटीत होतो" असंच म्हणतात आणि मला ते ऐकायला फार आवडतं. तुम्ही स्वारगेट-कात्रज चालवलीत, सिंहगड पायथ्याची गाडी चालवलीत, दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत लक्ष्मी रोडवरून भरलेली बस काढलीत, आणि एवढ्या वर्षांत कुणाला साधं खरचटलं नाही. चिनूला हे सगळं पाठ आहे. शाळेत तो "माझे आजोबा बस चालवायचे" हे सांगतो तेव्हा त्याची मान जरा वरच असते. त्याच्या लेखी या घरातले खरे ड्रायव्हर तुम्हीच. तुम्ही मागे खुर्चीत बसून राहिलात तर त्याचा किती हिरमोड होईल, याचा विचार करा.

आणि तुमचं शिक्षण इथे उपयोगी पडतं. मला स्कूटर शिकवताना तुम्ही दर दोन मिनिटांनी म्हणायचात, "आरसा बघ." या खेळात मागे बघायचं बटण आहे. चिनू ते कधीच दाबत नाही. मागून कुणी फेकलेलं कासवाचं लाल कवच येतं, नेम धरून येतं, आणि तो गरागरा फिरतो. ज्याला मागे बघायची सवय आहे तो केळ्याचं साल गाडीच्या मागे धरून ठेवतो. बटण दाबून ठेवलं की साल तिथेच राहतं आणि लाल कवच त्यावर आदळून फुटतं. हे मी त्याला कितीदा सांगितलं. तुम्ही एकदा करून दाखवलंत तर तो ऐकेल.

एक गोष्ट तुम्हाला पटणार नाही, ती आधीच सांगते. वेगवान खेळणारे वळणावर गाडी मुद्दाम घसरवतात. चाकांतून आधी निळ्या ठिणग्या येतात, मग नारिंगी, आणि बटण सोडलं की गाडी पुढे झेप घेते. घाटात वळणाच्या आधी वेग उतरवायचा, वळणात नाही, हे तुमचं तत्त्व. ते सोडायची काही गरज नाही. सुरुवात आपण 50 सीसीने करू, तो सगळ्यात सावकाश प्रकार आहे आणि तिथे न घसरवताही पहिला नंबर येतो. 100, 150 आणि 200 सीसी पुढचं पुढे.

रस्ता मी ठरवून ठेवलाय. मू मू मेडोज. हिरव्या कुरणातून जाणारा साधा रस्ता, आणि गाई आपल्या निवांत रस्ता ओलांडत असतात. मुलं तिथे हमखास गाईवर आदळतात. पुण्याच्या रस्त्यावर इतकी वर्षं बस चालवलेला माणूस तिथे कसा जातो ते मला बघायचंय. आणखी एक, सुपर हॉर्न म्हणून एक वस्तू मिळते. तो वाजवला की जवळच्या गाड्या बाजूला फेकल्या जातात. तो तुमच्या हाती लागावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आई, तू म्हणशील हे सगळं वेगाचं, यात माझं काय काम. तसं नाहीये. रस्त्यावर प्रश्नचिन्हांच्या पेट्या तरंगत असतात, त्यांतून गेलं की वस्तू मिळते, आणि अशा दोन वस्तू जवळ ठेवता येतात. त्या कधी टाकायच्या आणि कधी दाबून ठेवायच्या, यात अर्धा खेळ आहे. बदाम सात खेळताना तू किलवरचा अठ्ठा शेवटपर्यंत दाबून ठेवायचीस आणि दादाच्या हातात वरची सगळी किलवरं कुजायची. तेच डोकं इथे लागतं. चिनू वस्तू मिळाली की लगेच उडवून मोकळा होतो. तू तसं करणार नाहीस, हे मला आत्ताच माहीत आहे.

मागे पडलीस तरी घाबरू नकोस. जो पुढे असतो त्याला नाणं, केळ्याचं साल अशा किरकोळ वस्तू मिळतात. जो मागे असतो त्याला मोठ्या. चमकणारा तारा मिळाला की कुणाचंही काही लागत नाही. वीज मिळाली की बाकी सगळ्या गाड्या एवढ्याशा होतात. आणि बुलेट, म्हणजे उडती गोळी, मिळाली तर काही करायचंच नाही, ती तुला उचलून वाटेतल्या सगळ्यांना उडवत पुढे नेते. बिट्टीला परवा बुलेट मिळाली तेव्हा ती अकरावी होती, आणि सुटली तेव्हा पाचवी. ती स्टिअरिंग सोडून टाळ्या वाजवायला लागली, गाडी अँटेनेच्या भरवशावर चालली होती.

निळ्या कवचाबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. ते मागच्यांना मिळतं, वाटेत आडव्या आलेल्याला धडकतं आणि थेट पहिल्या नंबरवाल्याला गाठतं. चिनूला पहिल्यांदा ते बसलं तेव्हा शेवटची फेरी होती, समोर रेषा दिसत होती, आणि तो चौथा आला. कंट्रोलर टाकून खोलीत जाऊन रडला. मी काही समजावलं नाही, फक्त दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने स्वतःच येऊन बसला. आता बसलं की दात-ओठ खातो, "जाऊ दे" म्हणतो आणि पुढची शर्यत लावतो. त्याच्या बाबतीत मला या खेळाचा इतका फायदा होईल असं वाटलं नव्हतं. म्हणून आई, तुझ्या हाती निळं कवच आलं तर टाक. पुढे नातू आहे म्हणून हात मागे घेऊ नकोस. त्याला कळेल आणि त्याला ते आवडणार नाही.

आपण संघ करून खेळणार आहोत. लाल संघात आई आणि चिनू, निळ्यात बाबा आणि बिट्टी. मी आणि हे आळीपाळीने पाणी, शेंगदाणे बघू. पडद्याचे चारच चौकोन होतात आणि ते तुम्हा चौघांचे. पहिल्याला 15 गुण, दुसऱ्याला 12, तिसऱ्याला 10, मग एकेक कमी होत बाराव्यालाही 1 मिळतो. सगळे गुण संघाच्या खात्यात जातात, त्यामुळे शेवटून दुसरं येणंही फुकट जात नाही. रात्री नऊला दादा-वहिनी बंगळुरूहून इंटरनेटवर शर्यतीत येतील. इंटरनेटवर एका स्विचवरून दोघांनाच खेळता येतं, म्हणून तेव्हा आपण आळीपाळीने बसू. बोलायला फोन स्पीकरवर टीपॉयवर ठेवू.

बाबा, डोळ्यांची काळजी करू नका. टीव्ही खिडकीसमोरून हलवलाय, आता त्यावर उजेड पडत नाही. मोतीबिंदू काढल्यापासून तुम्ही पेपर बिनचष्म्याचा धरता, एवढं नक्की दिसेल. चक्कर आल्यासारखं वाटलं तर तेवढ्यापुरतं थांबायचं, लपवायचं नाही.

शनिवारी चारच्या सुमारास निघा. मंडई स्टेशनवरून मेट्रो घ्या, गाडी बदलावी लागत नाही, शेवटचं स्टेशन पिंपरी-चिंचवड. तिथे हे घ्यायला येतील. आई, पोळ्या मी दुपारीच करून ठेवणार आहे, तेव्हा पोळपाटाकडे जायचं कारण उरलेलं नाही. येताना मंडईतून कोवळी मेथी मिळाली तर एक जुडी आण, बाकी काही नको.

तुमची,
मनू

ता. क. चिनूने वहीत सगळ्यांची नावं लिहून समोर जागा रिकामी ठेवली आहे. कोण कुठली गाडी आणि कोण कुठला गडी घेणार ते त्याला शुक्रवारपर्यंत हवंय. बाबांसाठी त्याने बाउजर सुचवलाय, तो जड आहे, धडक बसली तर समोरचाच बाजूला होतो. हलके गडी चटकन वेग घेतात, म्हणून आईसाठी टोड, मशरूमसारख्या टोपीवाला. दुसरं कुणी हवं असेल तर उद्या रात्री फोन करून त्यालाच सांगा.