गोळी चालू आहे, काळजी करू नका

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला गेले की आई तुझा आवाज भरून येतो आणि मग मी "सगळं मस्त" म्हणून ठेवून देते, म्हणून लिहितेय. तब्येत ठीक आहे. खरंच ठीक आहे. ऑफिस, ट्रेन, थंडी हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते परत लिहीत नाही.

आत्याने ग्रुपवर टाकलेला मेसेज वाचला, थायरॉइडच्या गोळीत ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, असतं म्हणून माझ्यासारख्या, ग्लूटेनने आतडं बिघडणाऱ्या सिलिअ‍ॅकवाल्यांनी ती घेऊ नये. तेव्हापासून तू दोनदा विचारलंस की गोळी बंद करून दुसरं काही बघता येईल का. नाही गं. आणि तशी गरजही नाहीये. गोळीत मूळ औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकं, म्हणून तिला आकार यायला स्टार्च, लॅक्टोज वगैरे घालतात. तो स्टार्च बहुतेक मक्याचा नाहीतर बटाट्याचा असतो. गव्हाचा असला तरच प्रश्न, आणि तसा असला तरी एका गोळीत ग्लूटेन अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमीच निघेल असं इथल्या एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने, २०१७ मध्ये लिहून ठेवलंय. आपल्या एका पोळीत काही ग्रॅम असतं. बाबा, तुम्हीच हिशोब करा आणि आत्याला समजावा.

फक्त इथली एक पद्धत फार विचित्र आहे. आपल्याकडे गोखले रोडवरच्या केमिस्टकडे गेलं की सीलबंद बाटली नाहीतर स्ट्रिप मिळते, कंपनी, बॅच, एक्स्पायरी सगळं छापलेलं. इथे तसं नाही. फार्मसीवाला मोठ्या डब्यातून गोळ्या ट्रेवर ओततो, एका चपट्या पट्टीने पाच-पाच मोजून बाजूला सारतो आणि नारिंगी प्लास्टिकच्या बाटलीत भरून वर माझ्या नावाचं लेबल चिकटवतो. कंपनीचं नाव असतं, पण इतकं बारीक की शोधावं लागतं, आणि आत काय काय घातलंय ते बाटलीवर नसतंच. पुढच्या वेळी कंपनी बदलली तर औषध तेच, पण गोळीचा आकार वेगळा आणि स्टार्चही वेगळा असू शकतो. म्हणून आता मी दर वेळी काउंटरवरच कंपनी विचारते आणि डेलीमेड म्हणून सरकारी वेबसाइट आहे तिथे घटक वाचते. माझ्या गोळीत मक्याचा स्टार्च आहे. दर वेळी त्याच कंपनीची द्या असं सांगून ठेवलंय.

आता जे लपवलं ते सांगते, रागावू नका. ऑक्टोबरमध्ये बाटलीत वेगळ्या दिसणाऱ्या गोळ्या आल्या, त्याच आठवड्यात पोट बिघडलं आणि मी कुणालाही न विचारता तीन आठवडे गोळी बंद ठेवली. आवाज घोगरा झाला, सकाळी उठवेना, आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढतो तो आकडा, इतका वाढला की डॉक्टर बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. आणि पोट? ते तसंच बिघडलेलं. मग त्यांनी एकेक पदार्थ विचारला आणि शेवटी सापडलं, तू वहिनीच्या भावाबरोबर पाठवलेली थालीपिठाची भाजणी. ज्वारी-बाजरीच डोक्यात होती, तू त्यात वाटीभर गहू भाजून घालतेस हे मी लहानपणापासून बघितलंय आणि तरी विसरले. तू विचारलंस थालीपीठ कसं झालं, मी म्हटलं मस्त. उरलेली भाजणी रूममेटला दिली, त्या रात्री खूप वाईट वाटलं. तुझी काही चूक नाही गं, मीच विचारायला हवं होतं.

आता गोळी रोज आहे, डोस १२५ मायक्रोग्रॅमवरून ११२ वर आलाय, कारण आतडं बरं होतंय तसं औषधही नीट लागतंय.

आणि तू. तू सकाळी थायरॉइडची गोळी, कॅल्शियम आणि चहा एकदमच घेतेस, मला माहितीये. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, चहा निदान अर्ध्या तासाने आणि कॅल्शियम चार तासांनी. शिवाय तू आणि दादाने टीटीजीची, म्हणजे हाच आजार शोधणारी, रक्ततपासणी करून घ्याच, जवळच्या नात्यात सिलिअ‍ॅक असण्याची शक्यता जास्त असते. पण तपासणीआधी पोळ्या बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो.

बाबा, रिडेव्हलपमेंटमधल्या भाड्याची चिंता नको, सव्वा लाख पाठवलेत, शुक्रवारपर्यंत जमा होतील. मागच्या महिन्यात कमी पाठवले ते एंडोस्कोपीच्या बिलामुळे, शॉपिंगमुळे नाही.

मुलुंडच्या स्थळाला फोटो पाठवा, माझी हरकत नाही. पण आई, "एवढं सांगायची काय गरज" असं म्हणू नकोस. गहू चालत नाही आणि गोळी जन्मभर आहे हे दोन्ही पहिल्याच फोनवर सांगा. त्यांनी नाही म्हटलं तर नाही. उद्या त्यांच्या घरी पहिल्या पंगतीत पुरी वाढली तर मी काय करू?

आजीला नमस्कार. तिला सांग मी नीट जेवते.

तुमची,
चिऊ

ता. क. हिंग पाठवू नकोस, आपल्या नेहमीच्या डबीत गव्हाचं पीठ असतं, मला इथे तांदळाच्या पिठातला मिळालाय. भाजणी मात्र पाठव, गव्हाशिवाय, आणि गिरणीत नको, घरी मिक्सरवरच दळ.