गल्ल्यावरच्या सहाजणींच्या संगीत नाटकासाठी हातभार हवा आहे

रसिकहो,

बारकोड वाचणाऱ्या मशीनचा ‘बीप’ कोणत्या सुरात वाजतो? आमच्या पेटीवाल्या काकांनी महिन्याचा किराणा भरता भरता शोधून काढलं: काळी चार. (दुकान बदललं की सूर बदलतो, असंही ते म्हणतात.) तोच षड्ज धरून लालबागचं आमचं मंडळ दीड तासाचं संगीत नाटक बसवतंय. पात्रं सहा, सहाही सुपरमार्केटच्या कॅशियर. त्यातल्या चौघी खरोखरच गल्ल्यावर बसतात. बसतात म्हणायचं एवढंच. स्टूल नाही, दिवसभर उभ्या. दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यावी म्हणून केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायदा दुरुस्त केला. आमच्या नाटकात त्या स्टुलावर एक झकास लावणी आहे.

कल्पना मूळची आमची नाही. लिथुआनियातल्या तिघी कलावंतांनी दहा कॅशियर, दुकानातले आवाज आणि पियानो एवढ्यावर ऑपेरा उभा केला होता. आम्ही त्याचं भाषांतर करत नाही. १८८० पासून ‘शाकुंतल’ गाणाऱ्यांना पियानो कशाला? पेटी, तबला, ढोलकी पुरे.

“पिशवी हवी का? मोबाइल नंबर सांगा. सुट्टे आहेत?” ही आमची नांदी. गिऱ्हाईक फोनवर बोलत असतं, आणि बाई मनात गाऊ लागते. एकीने तालमीत सांगितलं, एक आजोबा रोज दुधाच्या दोन पिशव्या न्यायचे. एके दिवशी एकच घेतली. तिने बिल केलं, ‘थँक यू सर’ म्हटलं. विचारलं काहीच नाही, मागे रांग होती. ते न विचारलेलंच तिचं पद झालं, भैरवीत. दुसरीच्या गल्ल्यात रात्री चाळीस रुपये कमी भरतात, ते पगारातून जाणार. कुणाला जास्त सुट्टे दिले हे आठवत ती लोकलमध्ये उभी.

गिरणी गेली, मॉल आला, हे मात्र नाटकात नाही. ते आपण सगळ्यांनी पोटभर गाऊन झालंय.

आता मुद्द्याचं. नाट्यगृहाचं भाडं, कॉलर माइक आणि वादकांचं मानधन मिळून दोन लाख दहा हजारांचा खर्च आहे. गणपतीतली शिल्लक आणि वर्गणी धरून पंचाहत्तर हजार जमलेत. पण पैशाइतकीच नड जागेची. मुली दहाला सुटतात, तालीम साडेदहाला. परळ-दादर भागात रात्री बारापर्यंत कुणी हॉल किंवा शाळेचा वर्ग देईल का? शेजाऱ्यांची तक्रार आली तर आम्ही निस्तरू. विरार आणि कल्याणला राहणाऱ्या दोघींना तालमीनंतर स्टेशनपर्यंत सोडणारं कुणी हवं. मोडकी ट्रॉली, जुना गल्ला, भंगारातलं बिलिंग मशीनही चालेल.

आमच्याकडे ८०जी नाही, करसवलत मिळणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पावती रीतसर मिळेल, हिशेब फलकावर लागेल. मंडळाच्या कार्यालयात रोज सायंकाळी सात ते नऊ कुणी ना कुणी असतं. दहा-वीस रुपयेही चालतील. सुट्टे तर आम्हाला हवेच आहेत.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते